बाबांचा बडग्या

आमच्या घराच्या बाजूच्या खोलीत उसाच्या रसाचं मशीन आहे, असा सक्करदऱ्यात बऱ्याच लोकांचा समज आहे. उन्हाळ्यात फाटकाशी कोणी ना कोणी थांबतं आणि चालू झालं का म्हणून विचारतं. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता नुसतं नाही म्हणतो.

ते छपाईचं मशीन आहे. माझी बायको लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्यावर, चित्र कोरते, त्यावर शाई फिरवते, वर कागद ठेवते आणि दोन रुळांमधून दाबून काढते. असं मशीन नागपुरात मिळेना, म्हणून आम्ही ते एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. तो जन्मभर रसवंतीची मशीनं करत आलेला. बायकोनं काढून दिलेला नकाशा त्यानं नीट पाहिला, हो हो म्हणाला आणि मशीन उत्तम करून दिलं. फक्त सवयीनं त्याला खाली रस गळायची पन्हळसुद्धा लावली. ती अजून आहे. बायको तिच्यात शाई पुसायच्या चिंध्या ठेवते.

बायको मेक्सिकोची आहे. कंपनीनं मला तिकडे कामाला पाठवलं होतं आणि मी लग्न करून परत आलो. तिचं गाव मेक्सिकोच्या दक्षिणेला. आपल्याकडे गल्लीगल्लीत पिठाची गिरणी असते, तसं तिच्या गावात कोरून छापणाऱ्यांचं आहे. तिचे वडील छापत, मामा छापतो. ही शाळेत असल्यापासून छापते. इकडे मिहानमधल्या एका कंपनीत मला नोकरी मिळाली आणि स्कूटर ठेवायच्या खोलीत तिचा छापखाना सुरू झाला.

आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात कुठून तरी नागपूरला आलं आणि तेव्हापासून कारकुनी करतंय. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. परदेशी सून आणल्यावर ते काय म्हणतील याची मला मोठी धास्ती होती. ते जेवत होते. जेवण पूर्ण करून म्हणाले, "आपण बी बाहेरूनच आलो गा. फक्त आधी आलो." आणि हात धुवायला गेले.

आईचं तसं नव्हतं. आईनं सुनेला जेवू घातलं, साडी नेसायला शिकवली, आजारपणात तिचं डोकं चेपलं. पण छापखान्याच्या खोलीत तिनं कधी पाय ठेवला नाही. खोलीत उतरायला तीन पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे दुखतात, हे तिनं दिलेलं कारण. त्याच गुडघ्यांनी ती गच्चीवर पापड वाळत घालायला जायची.

खरं कारण भिंतीवर होतं. बायको सांगाडे काढायची. तिच्याकडे ती जुनी रीत आहे. सांगाडा सायकल चालवतो, सांगाडा नाचतो, सांगाडा नवरदेव होतो. नागपुरात आल्यावर तिचे सांगाडे संत्री विकायला बसले, तर्री-पोह्याच्या गाडीशी उभे राहिले, एक सदरच्या बाजारात गाडी लावायला जागा शोधत हिंडू लागला. मेक्सिकोतल्या तिच्या मामाला ऑटोरिक्षा कळेना आणि इथल्या लोकांना सांगाडा कळेना. एका चित्रकार गृहस्थांनी तिला प्रेमानं सल्ला दिला, की दोन संस्कृतींचा मिलाफ करायचा तर कमळाचं फूल आणि निवडुंग एकत्र काढावं. तिनं मान हलवली. घरी आल्यावर मला विचारलं, "काहून?"

मराठी ती आईबाबांकडून आणि भाजीवालीकडून शिकली. त्यामुळे ती मले-तुले बोलते. पुण्याची माझी मावसबहीण आली की आधी मेक्सिकन सुनेचं मराठी ऐकून खूश होते आणि मग तिला हळूच सुधारू पाहते. बायको म्हणते, तुमचं मराठी मले थोडं कमी समजते.

तर या खोलीत रोज सकाळी बाबा जाऊन बसायचे. त्यांनी स्वतःची वेताची खुर्ची तिथे नेली होती. ती कोरायची आणि ते पेपर वाचायचे, मोठ्यानं, कारण तिचं वाचन कच्चं होतं. अग्रलेख संपला की चहा यायचा. बाबा चहा बशीत ओतून प्यायचे. मी ऑफिसला निघताना खिडकीतून पाहायचो, तर दोघं आपापल्या कामात असायचे आणि मधेच बाबा काही तरी सांगत असायचे. या शहरात तिचे सगळे माझे मित्र होते किंवा माझे नातेवाईक. तिचे स्वतःचे एकटे बाबाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा तिला मारबत पाहायला इतवारीत घेऊन गेले. काळी मारबत, पिवळी मारबत, दोघींचे राक्षसिणीसारखे मोठाले पुतळे, आणि त्यांच्यामागून बडग्यांची रांग. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा मोठा पुतळा. वर्षभरात ज्यानं लोकांना छळलं त्याचा करायचा, मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर नेऊन जाळून टाकायचा. बाबा तरुणपणी मोहल्ल्यात बडग्ये बांधायचे. कचेरीतल्या कोऱ्या कागदांचा तेवढाच एक गैरवापर त्यांनी आयुष्यात केला. त्यामुळे त्या दिवशी त्यांना बोलायला फार सापडलं. ती त्या गर्दीत खुळ्यासारखी हसत होती, असं त्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं. तिनं त्यांना विचारलं होतं, बडग्या कोणाचाही होतो का. बाबा म्हणाले होते, "नाही वं. मोठ्या माणसाचाच होते. लहानसहानाचा बडग्या कोण करते?"

हे वाक्य तिनं मनात ठेवलं. तिच्या गावी जित्याजागत्या माणसाचा सांगाडा काढायचा म्हणजे मान असतो. शिक्षकांचा काढतात, गावच्या डॉक्टरीणबाईंचा काढतात. ज्याच्यावर जीव आहे त्याची हाडं काढायची आणि त्याला हसवायचं. तिच्या आजीचा सांगाडा स्वयंपाकघरात लावलेला होता आणि त्याच्याखाली आजी स्वतः पोळ्या लाटायची. इतवारीत तिला वाटलं, हे तर आमचंच चाललंय. आम्हां सगळ्यांपैकी कोणालाही सुचलं नाही की तिला सांगावं, बडग्या मोठ्या माणसाचा होतो हे खरं, पण नकोशा झालेल्या मोठ्या माणसाचा.

बाबांची पंचाहत्तरी आली. घरातच कार्यक्रम ठेवला होता. औक्षण झालं, शाल-श्रीफळ झालं, कुही गावाहून काका आले होते त्यांनी घरच्या तांदळाचं पोतं आणलं. मग बायकोनं चौकट केलेलं चित्र बाबांच्या हातात दिलं. गुंडाळलेला कागद बाबांनी न फाडता घडी घालून बाजूला ठेवला.

चित्रात बाबा होते. वेताची खुर्ची, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर पेपर, हातात बशी. सगळं हुबेहूब. फक्त स्वेटरच्या आत बरगड्या, चष्म्याच्या मागे खोबण्या आणि बशीला लावायला ओठ नाहीत. मी सांगतो, ते सुंदर चित्र होतं. बाबांचा चहा पिताना एक खांदा जरा वर जायचा, तोसुद्धा तिनं पकडला होता.

काकांनी वाकून चित्र पाहिलं. मग काका म्हणाले, "भाऊ, तुमचा तं बडग्याच केला न सूनबाईनं."

बायकोचा चेहरा उजळला. अखेर कोणाला तरी कळलं असं तिला वाटलं. "हो न," ती म्हणाली. "बडग्या. बाबांचाच. बाबा म्हणे मोठ्या माणसाचाच होते."

आई उठून आत गेली. मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि सगळ्यांसमोर बाबांची दृष्ट काढू लागली. "जित्या माणसाचे हाडं काढते का कोणी," असं ती त्या मिठाला सांगत होती. पाहुण्यांनी आपापल्या ताटल्यांत लक्ष घातलं. बाबांनी चित्र कपाटाच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि काकांना विचारलं, यंदा धान कसं आहे.

रात्री मी बायकोला बडग्याचा खरा अर्थ सांगितला. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. मग रडली. मी तिला इतकं रडताना तोवर पाहिलं नव्हतं. "मी त्याईले गावाबाहेर काढलं," ती म्हणाली. मी म्हटलं, बाबा समजून घेतील. दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन बाबांची माफी मागितली, मीही शेजारी उभा राहून मेक्सिकोची पद्धत समजावली. बाबांनी ऐकून घेतलं. "ठीक आहे, काही नाही," म्हणाले. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. कचेरीत नापसंत अर्जावर ते असंच काही नाही म्हणत आणि तो अर्ज पुन्हा कोणाला दिसत नसे.

बाबा खोलीत यायचे बंद झाले. पेपर ते बैठकीत वाचू लागले, मनातल्या मनात. वेताची खुर्ची खालीच राहिली. बायको रोज ती पुसायची. चहा ती वर आणून द्यायची तो ते घ्यायचे, आणि थँक्यू म्हणायचे. आमच्या घरात एकमेकांना थँक्यू म्हणायची पद्धत नाही, म्हणून ते फार लागायचं. माझा मात्र दोघांवरही राग होता. बाबांवर, की एवढ्या शहाण्या माणसानं एवढ्याशा गोष्टीवर अडून बसावं. आणि तिच्यावर, की आधी मला एकदा दाखवायला काय झालं होतं. दोन्ही मी बोललो नाही आणि जेवताना वरण आळणी झालंय म्हणून उगीच कुरकुरलो.

तिनं माणसं काढणं सोडलं. संत्री काढली. संत्र्याची फोड, संत्र्याची पेटी, झाडावरची संत्री. सदरच्या एका गॅलरीनं ती लगेच लावली. हॉटेलवाल्यांनी मागवली, एका लग्नाच्या पत्रिकेवर आली. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, नागपूरच्या मातीशी एकरूप झालेली विदेशी कलावती. तिच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात भरभराटीचा काळ होता. मामाला तिनं फोनवर चित्रं दाखवली. मामा बराच वेळ पाहत राहिला आणि फळं ताजी दिसतात म्हणाला.

"मी फळवाली झाली," तिनं मला सांगितलं. मग काही दिवसांनी, तिकडे थोडे महिने जाऊन राहू का, असं विचारलं. थोडे म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटली. तिकिटाची चौकशी ती करत होती तेव्हाच बाबा न्हाणीघरात घसरले.

खांद्यावर पडले होते. मी आणि बायको त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला, पाहिला आणि म्हणाले, नवीन काही मोडलेलं नाही, मुका मार आहे. पण हे गळपट्टीचं हाड जुनं मोडून वाकडं जुळलंय, हे कधीचं? बाबा म्हणाले, "बडग्या पडला होता अंगावर." डॉक्टर नागपूरचेच असल्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

एक्स-रे घरी आला. बाबांनी तो पाकिटातून काढला आणि बैठकीच्या खिडकीशी उजेडात धरून पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही पाहिला. आई म्हणाली, "काय पाहून राहिले त्याच्यात सारखं?" बाबा म्हणाले, "कोणी नाही. मीच हावो."

मग एका सकाळी, मी बूट घालत होतो तेव्हा, ते कपाटाच्या मागे वाकले. चौकट ओढून काढली. एका हातात चौकट, दुसऱ्या हातात एक्स-रे, असे तीन पायऱ्या उतरून खोलीत गेले. मी एक बूट घालून त्यांच्यामागे गेलो. भांडण होणार असं मला वाटलं होतं.

बायको संत्र्याची साल कोरत होती. बाबांनी तिच्या पुढ्यात चित्र ठेवलं, शेजारी एक्स-रे ठेवला आणि चष्मा वर केला.

"हे चुकलं," ते म्हणाले. "माहं हे हाड वाकडं आहे. तू सरळ काढलं."

तिनं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा फिल्मकडे. "मले माहीत नव्हतं, बाबा."

"आता माहीत झालं न. मग बराबर कर."

"लिनोवर सुधारता येत नाही. कोरलं ते गेलं. पूर्ण नवीन करा लागते."

"मग कर," बाबा म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "मी कुठी जाऊन नाही राहिलो."

तिनं संत्र्याचा लिनो बाजूला सारला. नवा घेतला, एक्स-रे त्याच्यावर पालथा ठेवला, कारण छापताना चित्र उलटं होतं आणि लिनोवर ते आधीच उलटं काढावं लागतं. मग वाकडं हाड टोकदार पेन्सिलीनं उतरवून घेऊ लागली. तिचे डोळे भरले होते, पण रेघ कुठे चुकत नव्हती. बाबांनी पेपर उघडला. अग्रलेख कोणाच्या तरी राजीनाम्यावर होता, तो ते मोठ्यानं वाचू लागले. मी ऑफिसला पोचल्यावर लक्षात आलं की माझा एक पाय चपलेत आहे.

नवं चित्र बैठकीत लागलं, बाबांनी स्वतः खिळा ठोकला. आलेल्या माणसाला ते बोट दाखवून सांगायचे, "हा मी. हे हाड पाहा." पाहुण्याला पाहावं लागायचं. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. हॉटेलवाल्यांच्या संत्र्यांना उशीर होऊ लागला. आई मात्र त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. टीव्ही समोरच्या भिंतीवर आहे असं म्हणायची.

बाबा गेले ते त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, फार त्रास न होता. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. तेराव्यानंतर बायकोनं स्टूल घेतलं आणि भिंतीवरचा सांगाडा उतरवला. काका तेव्हा होते. ते म्हणाले, "राहू दे न, आता तं भाऊ खरंच..." आणि थांबले.

"हे जित्या माणसाचं असते," बायको म्हणाली. "गेलेल्याचे हाडं नाही लावत आम्ही. गेलेल्याचा चेहरा लावा लागते."

आई कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर करून सुनेकडे पाहिलं.

पितृपक्षात आम्ही आमच्या रीतीनं पान मांडलं. दिवाळीच्या सुमाराला बायकोनं तिच्या रीतीनं मांडलं. दरवर्षी छापखान्यात ती तिच्या वडिलांचा आणि आजीचा फोटो ठेवते, झेंडूच्या माळा लावते, त्यांना आवडायचं ते खायला ठेवते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे तिनं आईला एकदा सांगितलं होतं. मिरची, पेरू आणि सीताफळही तिकडचंच म्हटल्यावर आईनं विचारलं होतं, मग आमचे लोक आधी काय खात होते. या वर्षी फोटोंत बाबा वाढले. हसरा फोटो, निवृत्तीच्या दिवशीचा. समोर बशी, बशीत चहा, बाजूला त्या दिवशीचा पेपर. मी माळा बांधायला बसलो होतो. मला बाबांची फार आठवण येत होती आणि दोरा सारखा तुटत होता.

दारात आवाज झाला. आई उभी होती. भिंतीला धरून, आडवी होऊन, एकेक पायरी करत ती खाली उतरली. खोली तिनं पहिल्यांदाच आतून पाहिली. मशीन पाहिलं, पन्हळीतल्या चिंध्या पाहिल्या, बाबांच्या फोटोसमोरची बशी नीट सरळ केली. मग वेताच्या खुर्चीवर बसली आणि दम खाल्ला.

"बैठकीतला खिळा रिकामा दिसते," ती सुनेला म्हणाली.

"काढून टाकू का, आई?"

"काढतं काहून वं?" आईनं लुगडं सारखं केलं आणि पाय पुढे घेतले. "आता माहं काढ. गुडघे जसे हायेत तसेच दाखवजो. सरळ नको करू."